रावजींच्या शीतगृहातली सामाईक फाइल

मी एक जुना करारनामा आहे. दोन राज्यांचा व्यवहार माझ्या शब्दावर चालतो. मी नसेन तर एका राज्याचं बोलणं दुसऱ्याला कळणार नाही. मित्रांनो, हे ऐकून तुम्ही हात जोडण्याआधी सांगते: मी संगणकातली एक लहानशी हेडर फाइल आहे आणि माझ्या निम्म्या ओळी रिकाम्या आहेत.

माझा जन्म नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाला, ओझरच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या रावजींच्या शीतगृहात. परदेशी जाणारी द्राक्षं बोटीची वाट बघत तिथे थंडीत बसून असत. आतल्या खोलीचं तापमान ऑफिसातल्या पडद्यावर दिसावं, अशी रावजींची हौस. त्यासाठी त्यांनी दोन माणसं नेमली आणि संगणक एकच घेतला. सकाळी त्यावर ज्योत्स्नाताई बसे, दुपारी मनोज. ती एसटीने नाशिक रोडला परत निघाली की हा डबा खाऊन येई.

संगणकात दोन जगं असतात. आतलं जग म्हणजे कर्नेल. ते स्वयंपाकघरासारखं असतं. तारांना आणि यंत्रांना फक्त तेच हात लावतं. बाहेर पंगतीला बसलेले असतात ते प्रोग्राम. त्यांनी आत डोकवायचं नाही. आतून भरलेलं ताट येतं, पण त्यावर पदार्थांची नावं नसतात, फक्त जागा असतात. कोणत्या जागी काय वाढलंय हे दोघांना ठाऊक असावं म्हणून माझ्यासारखी फाइल लागते. माझं म्हणणं एवढंच होतं: पहिल्या जागी तापमान, दुसऱ्या जागी ओलावा.

आतली बाजू ज्योत्स्नाताईची, बाहेरची मनोजची. मी दोघांची. मनोजच्या कपाटावर, म्हणजे त्याच्या फोल्डरात, माझ्या नावाची नुसती पाटी होती, पण तिच्यामागचं दार ताईच्याच कपाटात, माझ्यापाशी उघडायचं. दोघं क्वचित भेटत. एकमेकांसाठी माझ्यातच चार शब्द लिहून ठेवत. संगणक अशा ओळी वाचत नाही, माणसं वाचतात. 'मनोज, मधली ओळ हलवू नकोस.' 'नाही हलवत. तुमचा डबा खिडकीत राहिलाय, ताई.' माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग ताईने एकदा माझी साफसफाई केली, त्यात मनोजला लागणारी एक ओळ पुसली गेली आणि नेमक्या त्याच दिवशी त्याचा प्रोग्राम तयार होईना. रावजी समोर उभे.

"ताई, न विचारता पुसलंत?"

"माझ्या घरात मी काहीही हलवीन."

"मग मी माझी चूल वेगळी मांडतो," मनोज म्हणाला आणि त्याने माझी एक प्रत काढून स्वतःच्या कपाटात ठेवली. तसं करावं, असं जाणती माणसंही सांगत, त्यामुळे त्याला चूक म्हणता येईना. मला मात्र जुळी बहीण मिळाली, जिच्याशी माझी कधी भेट होणार नव्हती.

पुढच्या हंगामात रावजींनी खोलीच्या दाराला कळ बसवली. दार बंद तर शून्य, उघडं तर एक.

"ही नोंद सगळ्यात आधी घ्या, ताई. दार उघडं राहणं हा माझा खरा रोग आहे. लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव तळाला टाकता का तुम्ही?"

ताईला ते पटलं. तिने दाराला पहिली जागा दिली आणि तापमान दुसऱ्या जागी सरकवलं. माझ्यात लिहिलंही: 'मनोज, दार वर घेतलंय. बघून घे.' दुपारी मनोजने पडद्यावरचे आकडे मोठे केले आणि प्रोग्राम नव्याने तयार केला, बहिणीला विचारून. माझ्याकडे तो फिरकलाच नाही.

आता पडदा तापमान म्हणून दाराची कळ दाखवू लागला. दार बहुतेक वेळ बंद, म्हणून पडद्यावर शून्य. आणि द्राक्षांना लागतं शून्यच! ओलाव्याचा आकडा पडद्याच्या दुसऱ्या पानावर होता, तिकडे कोणी जात नसे. रावजी खूश. ताई खूश. दिंडोरीकडचे देवराम पहिल्यांदाच माल परदेशी धाडत होते. ते येऊन पडद्याला नमस्कार करून जात.

"ताई, आतला माल बरा हाय ना?"

"शून्य अंश आहे, काका. एकदम छान."

आणि आत गार हवेच्या यंत्राचा पट्टा घसरलेला.

बोटीवर माल धाडणारे साहेब पाहणीला आले. रावजींनी त्यांना दारापाशी नेलं. "बघा हं साहेब. उघडलं, एक अंश. लावलं, शून्य. परत उघडलं, एक. लगेच कळतं!"

"यंत्रणा परदेशी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"छे! नाशिक रोडची आहे," रावजींनी ताईकडे बोट दाखवलं.

ताईचं हसू मावळलं. एवढी खोली क्षणात तापत नाही आणि क्षणात निवतही नाही. ती धावत आत गेली. आत जाताना सगळे खुंटीवरचा स्वेटर चढवत. ती तशीच गेली आणि तिला तो लागला नाही.

मग देवराम, रावजी, मनोज आणि टाय लावलेले साहेब यांनी मिळून पेट्या शेजारच्या थंड खोलीत हलवल्या. साहेबांनी एकेक घड उचलून देठ पाहिले. देवराम त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"देठ हिरवे आहेत. जाईल माल."

देवराम एका पालथ्या क्रेटवर मटकन बसले. तेव्हा कुठे दोघांना भांडायला सवड मिळाली.

"तुला लिहून ठेवलं होतं, मनोज!"

"कुठे?"

"फाइलीत."

"माझ्या फाइलीत नाहीये."

"भांडा आता निवांत," देवराम म्हणाले. "माल जागेवर पोचला."

त्या संध्याकाळी दोघं एकाच संगणकासमोर बसले. ठरलं ते असं: बाहेरच्यांना एकदा दिलेली जागा आतून बदलायची नाही. नवा आला तर तो शेवटी बसेल, मग तो कोणाचा का आजोबा असेना. मनोजची प्रत राहील, पण माझ्यात काही नवं लिहिलं की ती माझ्यावरूनच नव्याने निघेल. दार तळाला गेलं. रावजींना ते सांगितलं नाही. पुढे दोन हजारच्या दशकात कर्नेल लिहिणाऱ्या मोठमोठ्या लोकांनीही बाहेरच्यांसाठी अशीच निराळी, स्वच्छ प्रत काढायची रीत घातली. ती आमच्याकडून शिकले असं माझं म्हणणं नाही, पण कोणी विचारलंच तर मी नाही म्हणणार नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. दोघांच्या मिळून असलेल्या वस्तूची प्रत खुशाल काढा. पण मूळ वस्तूकडे अधूनमधून फिरका. तिथे तुमच्यासाठी कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं.

रावजींनी दुसऱ्या दिवशी नाशिकहून काट्याचा एक साधा थर्मामीटर आणून दारावर लावला. तेव्हापासून सगळे तोच बघतात.