पाणी चढत नाही म्हणे!

मित्रांनो, कागदोपत्री माझे नाव डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजणारे यंत्र. पण परभणी जिल्ह्यातल्या ज्या ज्या गावात मी गेले, तिथे सगळ्यांनी मला दुर्बीणच म्हटले आणि मलाही तेच नाव आवडते. आता मी जुनी झाले आहे. अंगावरचे पितळ काळवंडले आहे, एक स्क्रू फिरवताना कुरकुरतो. तरी अजून खरे तेच दाखवते, एवढा तोरा मिरवायला काय हरकत आहे?

माझा जन्म रुडकीचा. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात भिंगे बसवली, पाठीवर काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा ठेवला. बुडबुडा मधोमध आला की माझी नजर अगदी आडवी होते. मग दूर उभ्या केलेल्या चार मीटरच्या पट्टीकडे मी बघते. पट्टीवरचा आकडा जितका मोठा, तितकी ती जागा खाली. एवढीच माझी विद्या. एक खोड मात्र जन्मजात आहे. माझ्यातून सगळे उलटे दिसते. झाडे शेंडा खाली करून उभी असतात आणि भली भली माणसे पाय वर करून चालतात.

एकोणऐंशी साली सागवानी पेटीत बसून मी परभणीच्या एका महाविद्यालयात आले. पहिली काही वर्षे एकच मैदान मोजण्यात गेली. पदवी घेऊन पुढचे शिकायला आलेली ही मोठी मुले, पण आकडे एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायची. मला लाज वाटायची. मग किशनराव सर आले आणि माझे नशीब उघडले. ते मुलांना म्हणाले, "यंत्र चालवायला शिकलात. आता ते कुणाच्या कामाला येतं ते शिका." त्यांनी दोघा-दोघांना एकेक गाव वाटून दिले. प्रश्न गावाचा, मोजणी मुलांची. अहवाल आधी गावात वाचायचा, मग कचेरीत द्यायचा. आणि एक नियम कडक होता. निघालात त्या जागी मोजत मोजत परत यायचे. पहिला आणि शेवटचा आकडा जुळला तरच वही मिटायची.

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात सत्यशीला आणि बन्सीधर मला घेऊन ताडकळसच्या पुढच्या एका गावी निघाले. सत्यशीला सोनपेठकडच्या बौद्ध घरातली, कमी बोलणारी. बन्सीधर देवगाव फाट्याजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, दोघांचे तोच बोलायचा. गावात शाळेजवळच्या उंच जागेवर पाण्याची नवी टाकी होणार होती. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीला नळ द्यायचा की नाही, हे ठरायचे होते. सोमवारी पंचायत समितीत अहवाल जाणार होता. त्यात नाव नसले की पुन्हा किती वर्षे कुणी फिरकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

सरपंच भगवानराव मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "मोजा की. पण आधीच सांगतो पोरी, वस्तीवर पाणी चढत न्हाई. मधी टेकाड हाय. आमी जन्मापासून बघायलोत."

ते दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. एसटी स्टँडच्या भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा होत्या. वस्तीत कुणी अनोळखी माणूस वही घेऊन आला की लोक दारात येऊन उभे राहत. केशरबाई नावाची बाई ओढ्यातल्या झऱ्यातून वाटीवाटीने घागर भरत होती. तिने सत्यशीलाला विचारले, "काय लिहायलीस माय? आमाला नळ येतो का न्हाई, तेवढं सांग."

आता सत्यशीलाची चूक सांगते. टेकाड ओलांडून वस्तीकडे उतरताना पट्टी माझ्या अगदी जवळ आली. जवळची पट्टी माझ्या डोळ्यात थोडीच मावते आणि मीटरचा लाल आकडा दिसत नाही. अशा वेळी पट्टी हळूच वर उचलायला सांगून लाल आकडा पाहून घ्यायचा असतो. सत्यशीलाने तो अंदाजाने लिहिला. तीनच्या पुढचा आकडा दोनच्या पुढचा केला, आणि तोही दोन ठिकाणी. कारण सरपंचांचे बोलणे तिच्या कानात होते. शिवाय 'आपल्याकडे पाणी चढत नाही' हे तिने लहानपणी स्वतःच्या गावीही ऐकले होते. ऐकलेले आणि मोजलेले सारखे निघाले, मग शंका कोण घेणार? टाकीतून पाणी जिथून निघणार, त्या तोटीपेक्षा वस्ती दीड वीत वर निघाली. ताडकळसची शेवटची बस चुकेल म्हणून दोघे मोजत परत न येता तसेच निघाले. मी पेटीत तळमळत होते. देवाने मला डोळा दिला, तोंड दिले नाही.

सरांनी वही पाहिली. "परतीचे आकडे कुठंत?"

"बसची वेळ झाली होती, सर."

सर सहसा रागावत नसत. त्या दिवशी रागावले. "चाळीस घरांला पाणी न्हाई म्हणून लिहायलात, अन् परतीचं मोजमाप न्हाई? उद्या रविवार हाय. मी पण येतो."

रविवारी सत्यशीलाने वस्तीपासून टाकीपर्यंत पुन्हा मोजले. प्रत्येक वेळी पट्टी उचलून लाल आकडा पाहिला. शेवटी बेरीज-वजाबाकी केली तर दोन मीटरचा फरक! ती मट्कन खालीच बसली. "सर, माझ्या हातानं वस्तीचं पाणी तुटलं असतं."

"तुटलं का? न्हाई ना? मग ऊठ. कुठं चुकलीस ते तूच हुडक."

तिने दोन्ही जागा शोधल्या आणि आकडे तिसऱ्यांदा ताडून पाहिले. वस्ती तोटीपेक्षा माणसाच्या उंचीएवढी खाली होती. टेकाडसुद्धा तोटीच्या खालीच होते.

दोन्ही दिवसांचे आकडे ऐकून भगवानराव हसले. "काल वर, आज खाली? ही दुर्बीन हाय का सोंग?"

बोलणे झोंबले, पण चुकीचे नव्हते. सर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मला टेकाडावर उभे केले, बन्सीधरला पट्टी घेऊन टाकीच्या जागी, तोटी येणार त्याच उंचीवर उभे केले आणि सरपंचांनाच माझ्या भिंगाला डोळा लावायला सांगितले.

"अरं! हे पोरगं उलटं टांगलंय की!" भगवानराव ओरडले आणि जमलेले सगळे हसले.

माझ्यातली आडवी रेघ पट्टीवर जिथे येत होती, तिथे सरांच्या रुमालाची एक चिंधी बांधली. मग बन्सीधर तीच पट्टी घेऊन वस्तीत केशरबाईच्या दारापुढे उभा राहिला. रेघ आली तिथे दुसरी चिंधी बांधली. पट्टी परत आणून जमिनीवर आडवी ठेवली. दोन चिंध्यांमधले अंतर भगवानरावांच्या पायापासून कपाळापर्यंत भरले.

ते म्हणाले, "मंग आमी इतके दिवस काय बघायलो होतो?"

"टेकाड बघायला होता, सरपंच," केशरबाई म्हणाली. "पल्याड उतरून कोन आलंय कवा?"

सत्यशीलाने अहवाल त्याच दिवशी गावात, मारुतीच्या पारासमोर, मोठ्याने वाचला. पहिल्या दिवशी आपण कुठे चुकलो, तेही वाचले. एकही ओळ गाळली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू! दीड वर्षाने वस्तीत नळ आला.

मित्रांनो, आज चौऱ्याण्णव साल आहे. सत्यशीला आता त्याच महाविद्यालयात शिकवते. नव्या यंत्रांतून माणसे सरळ दिसतात, म्हणून मी बहुतेक वेळ कपाटावर असते. पेटीवर कुणीतरी खडूचे खोके ठेवले आहे. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझी भिंगे मऊ फडक्याने पुसत जा. आणि मला अधूनमधून गावात न्या, कारण महाविद्यालयाच्या मैदानावर कुणाची तहान भागत नाही. हे का मागते, त्यासाठी एक उन्हाळा सांगते आणि थांबते.

नळ आल्याच्या पुढच्याच वर्षी गावाची विहीर आटत आली. टाकीत थोडेच पाणी पडायचे. मारुतीजवळचा उंचावरचा नळ नुसता ठिबकायचा आणि सगळ्यात खालच्या वस्तीच्या नळाला चांगली धार यायची. त्या वेळी सत्यशीला नव्या मुलांना घेऊन आली होती आणि मी टेकाडावर उभी होते. गावातल्या बाया घागरी घेऊन टेकाड उतरताना मी पाहिल्या. पुढे सरपंचांची बायको सुलाबाई होती. नळापासून दहा पावलांवर सगळ्या थबकल्या. नळाशी केशरबाई होती. गावच्या विहिरीवर तिला जन्मभर दोराला हात लावू दिला नव्हता. कुणी वरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर उन्हात उभे राहायचे.

केशरबाईने आपली अर्धी भरलेली घागर उचलून बाजूला ठेवली.

"या माय," ती सुलाबाईला म्हणाली. "तुमच्या हातानं भरा."