दोघांत एक रायफल

"अगं, पोह्यांच्या डिशमध्ये काय ठेवतेस ते! पितळ आहे!" शशिधर ओरडला.

"मग नाश्त्याच्या टेबलावर मांडलंत कशाला?" अलकाने काडतूस उचललं आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून उभं केलं.

वेल्समध्ये, कार्डिफमधल्या त्यांच्या किचनमध्ये अशी तीन काडतुसं रांगेत उभी होती. रिकामी, दारू नसलेली, नुसती बघायला दिलेली. देणारा एम्लिन, म्हणजे त्यांच्या शूटिंग क्लबचा कोच आणि बंदुकांचा कारागीर. नवरा-बायकोत मिळून एकच टार्गेट रायफल, आणि तिचं बॅरल, म्हणजे नळी, आता पार झिजलेलं. नवं घालायचंच आहे तर काडतूसही बदलता येईल, असं एम्लिन म्हणाला मात्र, शशिधरच्या अंगातच आलं. कौन्सिलच्या रस्ते खात्यात जन्म काढलेला माणूस. साधी कढई घ्यायची तरी त्याला तुलनेचे तक्ते लागत.

"हे आपलं जुनं, थ्री-ओ-एट. रिलायबल. हे सिक्स पॉइंट फाइव्ह. वाऱ्याला दाद देत नाही, लाँग रेंजचा राजा! बॅरल लवकर खातं, पण खाऊ दे. आणि हे..." तिसरं त्याने चिमटीत धरलं, "टू-टू-थ्री. खेळणं. जरा वारा सुटला की गोळी भरकटलीच."

"आणि धक्का?"

"कसला धक्का?"

"खांद्याला बसतो तो."

"सवयीचा प्रश्न आहे, अलका. राजाचा धक्का जुन्याच्या जवळपासच. मला तर जाणवतसुद्धा नाही."

अलकाच्या उजव्या खांद्यावर या घडीला वांग्याच्या रंगाचा डाग होता. मंडळाच्या गणपतीला ती दरवर्षी लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा ब्लाऊज घालायची, आणि बायका म्हणायच्या, काय बाई फॅशन! हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर लोकांचं रक्त काढून रिटायर झालेली ही बाई निव्वळ नवऱ्याला सोबत म्हणून रेंजवर गेली आणि तिथेच रमली. चटईवर पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि जगात फक्त तो काळा ठिपका उरायचा. तिथे ती कुणाची आई नव्हती, कुणाची काकू नव्हती. पण धक्का सोसेना. नवं बॅरलही असंच लाथ मारणारं आलं, तर शूटिंग सोडायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. नुसत्या विचाराने तिला रडू यायचं.

"राजाच घ्यायचा," शशिधरने पोह्यांवर लिंबू पिळत निकाल दिला.

शनिवारी रेंजवर एम्लिन म्हणाला, ऑर्डर देण्याआधी जुन्या बॅरलवर दोघांनी थोडं मारून दाखवा. आज काडतुसं मी भरणार, तुम्ही फक्त नेम धरायचा.

अलका आधी चटईवर झोपली. दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी तिने घोडा दाबला आणि नुसतंच 'टक्' झालं. एम्लिनने न सांगता रिकामं काडतूस घातलं होतं. बार उडालाच नाही, तरी रायफलचं तोंड हातभर खाली गेलं आणि अलकाचे डोळे गच्च मिटले.

"बघ! बघ!" शशिधर मागून हसला. "तरी मी म्हणत होतो, बॅरल इतकं वाईट नाहीये. तू दचकतेस!"

अलकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली.

मग शशिधर ऐटीत झोपला. एम्लिनची युक्ती आता कळलेली, त्यामुळे भलताच निर्धास्त. पहिली गोळी, दुसरी, तिसरी, चौथी. सगळ्या खऱ्या. चालबाजी बायकोपुरतीच होती अशी त्याची खात्री पटली असावी, कारण पाचव्यांदा 'टक्' झालं तेव्हा गडी अख्खा उडाला. कोपर सरकलं, टोपी चटईवर पडली, आणि रायफल शेजारच्याच्या टार्गेटकडे बघू लागली.

कुणी हसलं नाही. एम्लिन उगाच ढग न्याहाळू लागला.

अलका शशिधरजवळ वाकली आणि हजारो पेशंटना ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात म्हणाली, "आता थोडंसं टोचेल हं."

शशिधरचे कान लाल झाले.

घरी जेवण झाल्यावर त्याने शर्टाची बटणं काढली आणि एरवीसारखा पाठमोरा न होता उभा राहिला. त्याच्याही खांद्यावर तसाच डाग होता, कडेने पिवळा पडलेला.

"अहो! कधीपासून?"

"असेल बरीच वर्षं. तू काही बोलत नव्हतीस, मग मी कसा बोलणार?"

"मी बोलले नाही, कारण तुम्हाला म्हणे जाणवतसुद्धा नाही!"

तिने आपली बाही वर केली. दोघं एकमेकांचे डाग बघत राहिली, आणि मग अशी काही हसली की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. अलकाने दुखण्यावरचं जेल आणलं. त्याच्या खांद्याला चोळता चोळता ती म्हणाली, "माणसं सुईला घाबरत नाहीत हो. सुई येणार, याला घाबरतात. हात आधीच आखडतो. आपलं तेच झालंय."

"टू-टू-थ्री," शशिधर भिंतीकडे बघत म्हणाला. "सांगतो एम्लिनला."

"आणि वारा?"

"वारा शिकता येतो. हे नाही."

पोलिसांकडून दोघांच्या बंदुकीच्या सर्टिफिकेटवर बदल करून घेण्यात उन्हाळा उजाडला. नवं बॅरल आलं. अलकाने पहिली गोळी मारली आणि डोळे उघडेच राहिले. भोक पडल्याचं कळायच्या आत ती हसत होती.

क्लबातले लोक चिडवायचे. मटार मारायची बंदूक म्हणायचे. क्लबचा चँपियन ओवेन तर म्हणाला, "अल्का, जोराचा वारा आला तर तुझी गोळी इंग्लंडला जाईल!"

"तिकडे माझी नणंद राहते," अलका म्हणाली. "निरोप पोचेल."

सप्टेंबरात क्लबची फायनल. सहाशे यार्ड, आणि वारा नेमका खोडसाळ. रायफल एकच, म्हणून आधी शशिधरने मारलं. वाऱ्याने त्याला दोनदा फसवलं आणि तो बाद झाला. मग अलका झोपली. फायनलमध्ये कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही असा नियम. शशिधरने मागे बसून तोंडात चिवड्याचा बोकणा भरला, कारण दुसऱ्या कशानेही ते तोंड बंद राहिलं नसतं.

ओवेनचं झालं होतं. शेवटच्या गोळीपर्यंत अलका त्याच्या बरोबरीला आली. ही गोळी अगदी मधल्या छोट्या वर्तुळात बसली, तर कप तिचा. तिने वाऱ्याचा हिशेब करून साईट फिरवली, श्वास अर्धा सोडला, आणि तेवढ्यात वारा दाखवणारा समोरचा झेंडा एकदम लोंबला. आता मारली तर गोळी बाहेर जाणार. एका गोळीला पाऊण मिनिट मिळतं, आणि ते चाललं होतं. मागे शशिधरचा चिवडा थांबला.

अलकाने बोट काढून घेतलं. शीर वर आल्याशिवाय सुई लावायची नाही, एवढंच तिला माहीत होतं. ती पडून राहिली. झेंडा हलला. शेपूट वर झालं. आडवा झाला.

तिने घोडा दाबला. खांद्याला कुणी हळूच हात लावावा तेवढाच धक्का बसला.

टार्गेट खाली गेलं आणि वर आलं. गोळीच्या भोकावर लावलेली नारिंगी चकती बरोबर मधोमध होती.

"अलकाऽऽ!" शशिधरच्या तोंडातून चिवडा आणि नाव एकदमच बाहेर पडलं. ओवेनने आधी टोपी काढली आणि मग हात पुढे केला.

या क्लबात जिंकणाऱ्याला खुर्चीवर बसवून, खुर्ची दोन दांड्यांवर तोलून रेंजभर मिरवतात. अलका नको नको म्हणत होती, पण तिला बसवलंच. तीन खांदे तयार होते. चौथ्या जागेवर एम्लिन येत होता, त्याला शशिधरने बाजूला सारलं.

"अहो, खांदा!"

"दुसरा आहे ना."

खुर्ची उचलली गेली. लोक टाळ्या वाजवू लागले. अलका ताठ बसली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला वरून कधी पाहिलं नव्हतं. त्याचं टक्कल उन्हाने लाल झालं होतं आणि ओझ्याने मान वाकली होती, पण तो सगळ्यांत पुढे होता आणि हसत होता.

तिने आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली.

"समोर बघा," ती म्हणाली. "पुढे खड्डा आहे."