शेवटच्या रांगेतला हात

कंपनीचा इतिहास कुणी विचारला, की धाकटा भोंग्यापासून सुरुवात करायचा. दोघा भावांकडे तेव्हा एक भोंगा, एक मागून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि गरजेपेक्षा जास्त उत्साह होता. पहिल्याच सभेत त्यांनी भोंगा उलट्या दिशेला इतका पक्का बांधला, की सगळं भाषण शेजारच्या गोदामाला ऐकू गेलं. मागच्या रांगेतले लोक वक्त्याच्या हातवाऱ्यांवर टाळ्या वाजवत बसले. शेवटी आभार कुणी मानले नाहीत, शिव्या मात्र रोख मिळाल्या.

त्या दिवसापासून नियम झाला. काम संपलं, की दादाने शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. धाकट्याने मंचावरून माइकवर बोलायचं आणि बोलून झालं की माइक खाली घ्यायचा. शब्द न् शब्द पोचला असेल, तरच दादाने हात वर करायचा. भोंगे गेले, कपाटाएवढे स्पीकर आले, मग तेही आक्रसले. शाळा झाल्या, न्यायालयं झाली, एक विमानतळसुद्धा झाला. दादाची मुलगी शिकून आली आणि लॅपटॉपवर आवाजाचे आलेख काढू लागली. तरी दादाचा हात वर झाल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी म्हणत नसे.

बोलणं धाकट्याकडे होतं, कारण दादा मुलखाचा अबोल. एक ‘हं’ त्याला दिवसभर पुरायचा. धाकटा माइकवर ‘एक, दोन, तीन’ म्हणत नसे. एवढी महागडी यंत्रणा आकडे मोजायला कशाला वापरायची, असं त्याचं म्हणणं. वहिनीने दादासाठी दिलेले निरोप तो तिथूनच पोचवायचा.

अलीकडे मात्र दोन-तीन ठिकाणांहून फोन आले होते. मागे नीट ऐकू येत नाही म्हणून. धाकट्याने एकदा गालिच्याला दोष दिला, एकदा पडद्यांना आणि एकदा तर श्रोत्यांनाच. "आमचे दादा स्वतः मागे उभे होते," असं म्हटलं की विषय संपायचा.

आज नव्या नाट्यगृहाचं काम हातावेगळं करायचं होतं. उद्या उद्घाटन. एक सुतार अजून बाजूच्या भिंतीला ड्रिलने भोकं पाडत होता, त्यामुळे कुणाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. पुतणी मिक्सरपाशी बसली होती. दादा शेवटच्या रांगेत उभा राहिला.

"वहिनीचा निरोप आहे," धाकट्याने सुरू केलं. "टीव्हीचा आवाज कमी कर. नाहीतर टीव्ही घेऊन अंगणात झोपायला जा. शेजारी भांडायला आले होते."

माइक खाली आला. दादाचा हात वर झाला.

तेवढ्यात धाकट्याचं लक्ष माइककडे गेलं. मघाशी शिंक आली तेव्हा त्याने बटण बंद केलं होतं. ते बंदच होतं.

त्याने पुन्हा माइक तोंडाशी नेला, ओठ घट्ट मिटून थोडा वेळ उभा राहिला आणि माइक खाली घेतला. दादाचा हात वर झाला. अगदी ताठ.

गालिचे, पडदे, टीव्ही, सगळ्याचा उलगडा एकदम झाला. त्याला दादाचा राग आला आणि लगेच रडूही आलं. उद्या हे नाट्यगृह भरणार होतं. सांगावं तर दादा संपला, न सांगावं तर कंपनी. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याने हाताने दादाला मंचावर बोलावलं. माइक त्याच्या हातात दिला, स्वतःकडे बोट केलं आणि मग मागच्या रांगेकडे. दादाने माइक पाहिला. बटण पाहिलं. मग धाकट्याकडे पाहिलं. धाकटा पाठ फिरवून भराभर मागे चालत गेला.

दादाने बटण दाबलं.

"बंद होतं!" तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला, की पुतणीने घाईघाईने आवाज खाली ओढला. सुताराने ड्रिल थांबवलं. "मला कळलं नाही. बरेच दिवस कळत नाही. तू माइक खाली घेतलास, की मी हात वर करतो."

पुतणीचा हात मिक्सरवर तसाच राहिला.

"तुझ्या वहिनीलाही पत्ता नाही. तिला वाटतं, मी नेहमीसारखाच ऐकत नाहीये." त्याने आवंढा गिळला. तोही स्पीकरमधून ऐकू आला. "हात वर केला नसता, तर घरी बसवलं असतंत. घरी बसून काय करू रे? मला दुसरं काही येत नाही."

एवढं बोलताना दादाला धाकट्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"आता मागे तू उभा राहत जा. बोलायचं मी बघतो. बोलायला कुठे कान लागतात? आणि ती बाकीची ठिकाणं, तिथेही परत जाऊ. नीट करून देऊ." दादा थांबला. "पोचलं का, ते सांग."

त्याने माइक खाली घेतला आणि शेवटच्या रांगेकडे डोळे लावून उभा राहिला. इतकी वर्षं धाकटा मंचावर असाच उभा राहायचा.

"दादा..." म्हणून धाकट्याने तोंड उघडलं. त्याचा काही उपयोग नाही, हे त्याच्या लक्षात आलं. शब्द न् शब्द पोचला होता. त्याने हात वर केला, आणि दादाला दिसला नसेल तर म्हणून दुसराही केला.

दादाने माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"हं," तो म्हणाला. शेवटच्या रांगेत तो अगदी स्वच्छ ऐकू आला.