हळदीवरची ताडपत्री

“त्या कोपऱ्यात जाऊ नका राव! हळदीवर पाय पडंल!”

ज्ञानबा जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून आडवा झाला, आणि नेट दुरुस्त करायला हिंगोलीहून आलेल्या धर्मसिंगचा उचललेला पाय जागीच थांबला. बिचाऱ्याने बूट खाली काढून ठेवले होते. पण गच्चीभर शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि नेटच्या डिशचा लोखंडी पाईप नेमका पलीकडच्या कठड्याला होता.

“मामा, डिश जवळून पाहिल्याबिगर बिघाड कसा कळंल?”

“तिला काय झालंय? उभी तर हाय बराबर. दिसून राहिली की इथून.”

कुरुंद्यात हळदीला जपणारे पुष्कळ, पण ज्ञानबाचं जपणं म्हणजे कहर होता. वाळणाऱ्या हळदीला तो कुणाचा अनवाणी पायही लागू देत नसे. कठड्यालगत वीतभर वाट सोडलेली होती, आणि तिच्यावरून हात टेकत कसं जायचं ते त्याला एकट्यालाच जमत होतं. धर्मसिंग निमूटपणे खाली उतरला. त्याने गल्लीतून मान वर करून डिश पाहिली, राउटर बदलला, वायरचं टोक नवं बसवलं. कॉम्प्युटरवर नेट सुरळीत चालू झालं. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

“सकाळी कधी जातच न्हाई,” सीमा म्हणाली. “आभाळ आलं, वारं सुटलं की जातं. रोज दुपारी.”

“आता आभाळाला मी काय करू ताई? गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या टॉवरवरून हवेतूनच येतं ना ते.”

हे तिघांनाही पटलं. हवेतून येणारी गोष्ट हवेनेच बिघडली, यात नवल ते काय!

सीमा ही ज्ञानबाची एकुलती एक लेक. नांदणं मोडून चार वर्षांपूर्वी ती माहेरी आली, तेव्हा गावाने तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. एक कॉम्प्युटर घेतला आणि पुण्याच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घरी बसून ऐकायला लागली. पहिला पगार झाला आणि गावाचं तोंड आपोआप बंद झालं. मागच्या वर्षी तिच्या आईला, सत्यभामाबाईला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तिचं बोलणं कळायचं ते फक्त सीमाला, तेही ओठांकडे बघून. चाळीस वर्षं संसार केलेल्या ज्ञानबाला बायकोला पाणी हवंय की पांघरूण, एवढंसुद्धा उमगत नसे.

आणि आता तीन आठवडे रोज दुपारी लाइन तुटत होती. कंपनीने शेवटचं सांगितलं होतं. शुक्रवारी अडीच ते साडेतीन, एक तास न तुटता काम करून दाखवा, नाही जमलं तर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. सीमा गेली तर सत्यभामाबाईचं कसं व्हायचं, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही.

शुक्रवारी दोनलाच ढग जमले. ज्ञानबा गच्चीवर धावला. अवकाळीचा एक शिपका बसला तरी हळद काळी पडते. त्याने ताडपत्री ओढली, तीन बाजूंना विटा ठेवल्या आणि चौथ्या टोकाची दोरी रोजच्यासारखी डिशच्या पाईपला बांधली. आज तरी ताडपत्री फडफडून लेकीच्या डोक्यावर धपधप व्हायला नको, म्हणून दोरीला एक वेढा जास्त दिला आणि चांगली कचकून ओढली. मग खाली येऊन त्याने खडखडणारा पंखा बंद केला, दाराशी ओरडणारी शेळी लांब नेऊन बांधली आणि बायकोच्या खाटेजवळ श्वास रोखून बसला.

पंधरा मिनिटं सगळं छान चाललं. मग वारं सुटलं.

“हॅलो सर? ऐकू येतंय का? हॅलो?”

सीमाने चारदा विचारलं. पाचव्यांदा विचारलं नाही. पडद्यावर नुसतं एक चाक गरगरत राहिलं. ज्ञानबाने देवाला हात जोडले, तेव्हा वर गच्चीवर ताडपत्री फडफडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मसिंग पुन्हा आला, कुणी न बोलावता. सीमा पुण्याच्या बसचं तिकीट काढायला वसमतला गेली होती.

“आज हळद झाकलेली हाय मामा. आज तरी जाऊ द्या.”

ज्ञानबा बाजूला झाला. धर्मसिंग कडेकडेने पाईपापाशी गेला आणि तिथेच थबकला. वाऱ्याचा झोत आला की ताडपत्री फुगे, दोरी ताणली जाई, पाईप वाके आणि डिशचं तोंड टाकीवरून भलतीकडे वळे.

“मामा, ही दोरी कोण बांधली?”

“मी.”

“रोज?”

“आभाळ आलं की.”

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर ज्ञानबाला बरं वाटलं असतं. धर्मसिंगने नुसती गाठ सोडली, पाईप सरळ केला, नट आवळला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

“ताईला सांगू का?”

“न्हाई. मी सांगतो.”

जिन्याच्या पायथ्याशीच, वरचं बोलणं ऐकू येई अशी, सत्यभामाबाईची खाट होती. ज्ञानबा उतरला तेव्हा ती टक लावून त्याच्याकडेच बघत होती.

संध्याकाळी सीमा पिशवी भरायला बसली. ज्ञानबा तिच्या पुढ्यात आला.

“सीमे, नेट बराबर चालून राहिलंय आता. पुन्हा इचार की कंपनीला.”

“इचारलं बाबा. न्हाई म्हनले. सोमवारी हजर व्हा, न्हाईतर तीबी खुर्ची जाईल.”

“ते नेट काहून जात होतं, ठावं हाय का...”

“असू द्या बाबा,” सीमाने त्याचा हात धरला. “आभाळापुढं कुणाचं चालतं? तुमी किती तकलीफ घेतली, मी पाहिलं न्हाई का?”

ज्ञानबाची जीभ उचलली नाही. लकवा झालेली माणसं आता त्या घरात दोन होती.

सीमा गेली. शेजारची पारुबाई दिवसभर सत्यभामाबाईपाशी बसू लागली. तिलाही काही कळत नसे. दोघी एकमेकींकडे बघत आणि रडत. फोनवर आईचं बोलणं सीमालाही उमगत नव्हतं, ओठ दिसायला हवेत. म्हणून जाताना तिने कॉम्प्युटरचं तोंड खाटेकडे फिरवून ठेवलं होतं, आवाज मोठा करून ठेवला होता आणि कोणतं बटण दाबायचं ते ज्ञानबाकडून दहादा घोकून घेतलं होतं.

पहिला रविवार उजाडला. दुपारी तीनला ज्ञानबाने बटण दाबलं आणि पडद्यावर लेकीचं तोंड आलं. सत्यभामाबाईचा डावा हात वर गेला. आठवडाभर साठलेलं ती घाईघाईने बोलायला लागली. ज्ञानबा डोळे पुसत मागे उभा होता, तेवढ्यात खोलीतला उजेड मंदावला. आभाळ आलं होतं.

तो वर पळाला. ताडपत्री ओढली, तीन बाजूंना विटा ठेवल्या. चौथं टोक वाऱ्याने उसळायला लागलं. पाईप हाताशी होता, दोरीही होती, पण गाठ मारायला त्याचा हात होईना. त्याने ते टोक दोन्ही मुठींत धरलं आणि टाच रोवून उभा राहिला. वारं त्याला ओढत होतं. खालून मायलेकींचा आवाज येत होता, एकदाही न तुटता.

“बाबा कुठं हायेत, माय?”

सत्यभामाबाई काहीतरी बोलली. बरंच बोलली. ज्ञानबाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

मग सीमाचा आवाज जिना चढून स्वच्छ वर आला.

“कोणती दोरी, माय?”

ज्ञानबाने ताडपत्री सोडली नाही. डिश जराही हलली नाही.