दहावा शब्द

ज्या शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, दहा पुरुष जमत नसत, त्या शब्बाथला माडवलीचं सिनेगॉग हातभर आखूड होत असे. इस्रायल आळीतली घरं एकेक करून परदेशी निघून गेली, पुरुषांत एकटा शलोमकाका उरला, आणि मग तर ते भराभर आटलं. दिव्यात तेल घालायला जाणाऱ्या सिपोराबाई वावेकरांना आता दारातून वाकून शिरावं लागे. आत भिंत कोपराला घासे. त्या भिंतीला त्या रोज चार शब्द सुनावत, पण भिंतीला लाज अशी नव्हतीच.

गुरुवारी मुंबईच्या समितीकडून सॅम्सन रोहेकर आला. काखेत एक खोका होता.

"या शब्बाथला दहा नाही जमले तर सेफेर तोरा नेणार, मावशी. म्युझियममध्ये पोथी नीट राहील." त्याने एकदा भिंतींकडे पाहिलं आणि एकदा खोक्याकडे. "आता सिनेगॉगपण मावेल यात."

सिपोराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा नवरा एलियाझर वारला त्याला वर्ष होत आलं होतं. मेलेल्यासाठी म्हणायची कद्दिशची प्रार्थना दहा जण हजर असल्याशिवाय म्हणता येत नाही, म्हणून ती बिचाऱ्याच्या वाट्याला एकदाही आली नव्हती. सिनेगॉग खोक्यात गेलं म्हणजे ती कायमचीच राहिली.

"दहा पायजेत ना तुला? आणते," त्या म्हणाल्या. "कद्दिश मीच म्हणणार, तेही ऐकून जा."

शुक्रवारी त्यांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर केळ्याच्या चकत्या. तबक घेऊन त्या खाडीवरच्या दर्ग्यापाशी गेल्या, उंबऱ्यावर मूठभर मलिदा ठेवला आणि शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाल्या, "उद्या सकाळी या. माणसं कमी पडतायत." गावदेवीलाही तसंच सांगितलं. लांबच्यांना बोलावण्यासाठी तबकावरचं फडकं काढून त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मलिद्याचा वास वाऱ्यावर सोडून दिला.

शनिवारी सकाळी सगळे आले. दर्ग्याने चिखल लागू नये म्हणून हिरवी निशाणं वर धरली होती. चर्च समुद्रातून आलं होतं आणि घंटा वाजू नये म्हणून ती हाताने दाबून उभं होतं. लेण्याला चालायची सवय नव्हती. ते डोंगर मागे ठेवून नुसती पोकळी घेऊन आलं. जैनांचं देरासर पुढची वाट झाडत झाडत येत असल्याने त्याला अंमळ वेळ लागला. गुरुद्वारा बाह्या सरसावून आला आणि स्वयंपाकघर कुठे आहे म्हणून विचारू लागला. अग्यारी कोणाशी बोलली नाही. डोंगरावरची देवराई पाखरांसकट आली. शेवटी गावदेवीचं देऊळ आलं, ओल्या पायांनी, घरचं आटपून निघालेल्या बाईसारखं घाईघाईत. इतके सगळे आत मावले. सर्वांनी कोपरं आवरून घेतली, एवढंच.

सॅम्सनने बोट पुढे केलं. "एक, दो…"

सिपोराबाईंनी ते बोट फटका मारून खाली पाडलं. बेने इस्रायलांत माणसं आकड्याने मोजत नाहीत. मोजलेलं माणूस कमी होतं. स्तोत्रातलं एक वचन आहे, दहा शब्दांचं. त्यातला एकेक शब्द एकेकाला द्यायचा, म्हणजे मोजणी होते. मुंबईत राहून एवढंही विसरलास का, असं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

सॅम्सन ओशाळला. त्याने तोंडातून पहिला शब्द काढून शलोमकाकाला दिला. काकाने तो टोपीखाली ठेवला. दर्ग्याने आपला कमानीत ठेवला, लेण्याने पोकळीत. देवराईच्या शब्दावर लगेच एक पाखरू जाऊन बसलं. सगळ्यांना देत देत नववा शब्द त्याने स्वतःच्या खिशात घातला आणि मग तो थांबला. समोर गावदेवीचं देऊळ उभं होतं.

"ही धरता येत नाही, मावशी. बाई आहे."

"मग मला दे."

"तुलापण नाही."

"नियम आहे, सिपोरा," शलोमकाका म्हणाला. मग टोपी चाचपत म्हणाला, "पण नियम झाला तेव्हा दारात एवढे कोणी उभे नसतील."

सॅम्सनने दहावा शब्द गालातच धरून ठेवला. दहा भरले नाहीत हे भिंतींना कळलं. मागची भिंत हातभर पुढे आली. चर्चचा हात घंटेवरून सुटता सुटता राहिला. निशाणं छताला लागून वाकली आणि देरासराने आपलं झाडणं छातीशी घेतलं. कोणीही बाहेर पडलं नाही. सॅम्सनच्या गालातला शब्द फुगत चालला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो मान हलवत राहिला.

"तुझी सुंता याच खोलीत झाली," सिपोराबाई म्हणाल्या. "मांडीवर घेऊन एलियाझर बसला होता. आता त्याच्यासाठी एक शब्द मागते तर देत नाहीस."

दुसरी भिंत शलोमकाकाच्या नाकाला लागली. काकाने मान फिरवली आणि तो भिंतीला गाल टेकून उभा राहिला. खोका कुठेतरी पायांखाली चिरडला गेला.

सिपोराबाईंनी पदर खोचला. लहान मुलाने चिंचोका तोंडात घातला की धरतात तसा त्यांनी सॅम्सनचा जबडा धरला. "आ कर," त्या म्हणाल्या. त्याने आ केला नाही. त्यांनी अंगठ्याने गाल दाबला, ओठ उघडले आणि दोन बोटं आत घातली. शब्द कढत होता. त्यांनी तो चिमटीत पकडला.

सॅम्सनने दात आवळले. त्यांनी बोटं काढली नाहीत.