एक्स-रेतून पाहिलेला सूर्य

माझे बाबा, डोमाजी, बत्तीस वर्षं राजूरजवळच्या कोळसा खाणीत राबले. उजाडायच्या आत खाली उतरायचे, वर आले की आंघोळ करून आडवे व्हायचे. सूर्य त्यांना सुट्टीच्या दिवशीच दिसायचा. आता छातीत खाणीची धूळ बसलीय, दहा पावलांत धाप लागते. म्हणून खाटेवर बसून, मोबाइल अगदी डोळ्यांशी धरून ते सूर्य पाहतात. उपग्रहानं टिपलेला, दर थोड्या वेळानं बदलणारा. आज डाग किती, ज्वाळा कोणत्या बाजूनं उसळली, सगळं त्यांना तोंडपाठ.

"खिडकी उघडा ना, थो तिथंच हाये," आई म्हणायची. मीही हसायची.

तेव्हा हसायला सुचत होतं. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या सगळ्या परीक्षा मी पास झाले होते. उरली होती फक्त मेडिकल, बारा दिवसांवर. तिथं चष्म्याशिवाय तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली पाहिजे. बाबांनी अख्ख्या राजूरला सांगून टाकलं होतं, "माई दीपा इंजिन चालवनार. वरतं, उजेडात."

त्याच सुमारास, मे महिन्यात, सूर्यावर डागांचा भलामोठा पुंजका आला. बाबांना राहवेना. "हा तर दुर्बिणीबिगर दिसते म्हनते व!" त्यांनी खाटेखालच्या पिशवीतून स्वतःच्या छातीचा एक्स-रे काढला आणि दुहेरी दुमडला. आमच्याकडे ग्रहण असंच पाहतात. ज्याच्या घरी एक्स-रे, त्याच्या अंगणात त्या दिवशी रांग.

मोबाइलवर खाली इंग्रजीत तांबड्या अक्षरांत इशारा होता, सूर्याकडे असं पाहू नका म्हणून. बाबांना इंग्रजी येत नाही. मला येतं. मी तो वाचला होता.

"बाबा, राहू द्या," मी म्हटलंही. पण ते भिंत धरत, चार ठिकाणी थांबत, खोकत अंगणात पोचले होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांना काहीच दिसेना. तोंड एवढंसं झालं.

"मले नाही दिसून राह्यला. तू पाय ना माय. हाये का, सांग."

मी पाहिलं. बराच वेळ सापडेना, मग सापडला. तिळाएवढा, काळा.

"हाये बाबा!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाय बरं, डाग सरकला का. तिसऱ्या दिवशीही पाहिलं. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही, आणि आज त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

चौथ्या दिवशी चहाच्या कपात मधोमध एक राखाडी ठिपका होता. मी कप दोनदा घासला. मग तो ठिपका भिंतीवर गेला. मग आईच्या चेहऱ्यावर, बरोबर नाकाच्या जागी.

मेडिकलला ज्या अक्षराकडे पाहावं, तेच अक्षर नाहीसं व्हायचं. डॉक्टरनं विचारलं, "सूर्याकडे पाहिलं होतं का?" मी नाही म्हणाले. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, वाट पाहा, पण आशा फार धरू नका. वाट पाहून आता वर्ष उलटून गेलंय.

घरी सांगितलं, मेडिकल पुढं ढकलली. बाबांनी विश्वास ठेवला. कोणी विचारलं की अजूनही छाती पुढं काढून सांगतात, "येईन ना तारीख. सरकारी काम हाये." मग खोकत बसतात. मी स्वयंपाकघरात निघून जाते.

काल त्यांनी हाक मारली. मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दीपे, आज सूर्य पुरा साफ हाये म्हनते. एक बी डाग नाही. माये डोये तं गेले, तुये चांगले हायेत. पाहून सांग."

मी पाहिलं. मधोमध ठिपका होता.

"हो बाबा," मी म्हटलं, "साफ हाये."