निमकर सरांच्या खोलीची मापं

विभागप्रमुखांची खोली लहान होत चालली आहे हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, कारण ती मीच लहान करत होते.

सुरुवात चुकून झाली. आमच्या वास्तुकला महाविद्यालयाची दगडी इमारत वारसा यादीत जायची होती आणि तिची मापं घेऊन आराखडे काढायचं काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येतात. तीस वर्षं मी इथे जुन्या वास्तूंचं जतन शिकवते. निमकर सरांची खोली चोवीस फूट सहा इंच लांब आणि अठरा फूट रुंद होती. आकडे भरताना मी सहा इंच लिहायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खुर्चीची पाठ मागच्या भिंतीला घासत होती. मी टेप लावला. बरोबर चोवीस फूट. भिंतीला तडा नव्हता, रंगाचा पोपडाही निघाला नव्हता. शेवटच्या रांगेतल्या फरश्या तेवढ्या अर्ध्या झाल्या होत्या.

मी टेबलावर येऊन आराखडा उघडला आणि रबर हातात घेतलं. मग ते खाली ठेवलं आणि चोवीसच्या जागी तेवीस लिहिलं.

निमकर सर माझे मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली असताना मी वाघजाळी नावाच्या गावातली बारव मोजली. तीन उन्हाळे लागले. दगडी पायऱ्यांची ती विहीर मी पायरी न् पायरी कागदावर उतरवली, एकशे बारा कागद भरले. सर दोनदा आले, एकदा फोटोग्राफरला घेऊन. मग पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सरांचं नाव होतं. माझं नाव शेवटच्या पानावर, जीपच्या ड्रायव्हरच्या नावाखाली. ड्रायव्हरचं नाव निदान बरोबर छापलं होतं.

हे मी गिळलं असतं. पण त्या पुस्तकाच्या जोरावर बारवेच्या दुरुस्तीचं काम सरांना मिळालं. दगडांच्या सांध्यांत चुनाच भरायचा, सिमेंट अजिबात नको, नाहीतर झरे बंद होतील, असं मी अहवालात तीन ठिकाणी लिहिलं होतं. सरांनी सिमेंट भरलं. उद्‌घाटनाच्या फोटोत सांधे स्वच्छ दिसतात म्हणून. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा तळाशी कोरडी माती होती आणि तिच्यावर गुटख्याच्या पुड्या. देवळातली अनसूयाबाई गुरव कळशी घेऊन वरच्या पायरीवर बसली होती. त्या तीन उन्हाळ्यांत तिनेच मला भाकरी घातली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमी तर समदं मोजलं व्हतं. मग पानी कुटं गेलं वो?"

सोमवारी मी वर्गात सिमेंटने होणारं नुकसान शिकवलं. सर मागच्या बाकावर येऊन बसले, तास संपेपर्यंत बसले, आणि जाताना म्हणाले, "छान शिकवता तुम्ही."

तेव्हापासून वीस वर्षं मी रोज त्यांना नमस्कार करत होते. आता रोज एक फूट कमी करू लागले.

सरांनी तक्रार केली नाही. वीस फुटांवर त्यांनी पाहुण्यांचा सोफा बाहेर काढायला सांगितला. सोळावर पुस्तकांचं कपाट गेलं. बारा फुटांवर सर खुर्चीत तिरके बसू लागले. आमचा शिपाई सिदूमामा चहाचा कप खिडकीतून द्यायला लागला.

"सायबांची खोली आटली की वो मॅडम," तो मला म्हणाला. "नवं धोतर आटतंय तशी."

"सर काय म्हणतात?"

"म्हनत्यात, दगड हाय, आकसतोय."

सरांनी हेच दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवलं. दीडशे वर्षांनी बेसाल्ट आकसतो, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला. मी ते पेपर तपासले आणि सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

रुंदीही मी कमी करत आणली. मग उंचीला हात घातला. चौदा फुटांवरून आठ, आठवरून सहा. पाच फूट लिहिताना मला वाटलं होतं की आता सर वाकतील. मला त्यांना वाकलेलं बघायचं होतं. पण ते वाकले नाहीत, खोलीच्या मापात बसले. खोलीबरोबर टेबल, टेबलावरचा पितळी पेपरवेट, भिंतीवरची सन्मानचिन्हं आणि सर, सगळं सारख्या प्रमाणात लहान झालं. सरांचं प्रमाण पहिल्यापासून चांगलं होतं.

दरम्यान माझी केबिन वाढत होती. जिन्याखालची सात बाय सहाची कोंदट जागा, आधी तिथे झाडू ठेवायचे. मुलांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवते की जागा नष्ट होत नाही, भिंत सरकवली की इकडची तिकडे जाते. तसंच झालं. सरांचा गेलेला प्रत्येक फूट माझ्याकडे आला. मला खिडकी मिळाली. मग दुसरी खिडकी. मी नकाशांसाठी लांब टेबल मांडलं आणि बारवेचे एकशे बारा कागद प्रथमच एकाच वेळी पसरून पाहिले. त्यावरचे आकडे माझ्या हातचे होते. इंग्रजी चारचा वरचा कोपरा मी उघडा ठेवते.

त्या दुपारी मी सरांच्या खोलीकडे गेले. ती तेव्हा गोदरेजच्या कपाटाएवढी होती आणि व्हरांड्याच्या टोकाला, पूर्वीच्या दाराच्या एवढ्या मोठ्या चौकटीच्या मधोमध, एकटीच उभी होती. मी गुडघे टेकून खिडकीशी तोंड नेलं. आत सर काहीतरी सह्या करत होते.

"सर, बारवेची ड्रॉइंग्ज कोणाची?"

"कुठल्या बारवेची?"

"वाघजाळीच्या."

"कॉलेजची," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण घाई नव्हती. "विद्यार्थी येतात, जातात. काम राहतं."

"मी विद्यार्थी नव्हते. मी तुमची सहकारी होते."

"तेच म्हणतोय मी."

"आणि पाणी?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पाणी हा आपला विषय नाही, कुंभोजे. आपला विषय दगड."

मी परत आले आणि उभ्याउभ्या सगळे आकडे खोडून नवे लिहिले. लांबी चौदा इंच, रुंदी दहा, उंची आठ. असं सुख मला आजवर कोणत्याही आराखड्याने दिलं नव्हतं. लिहून झाल्यावर हाताला लागलेला पेन्सिलच्या शिशाचा काळा डाग मी धुतला नाही, तसाच घरी घेऊन गेले.

चौथ्या दिवशी प्राचार्या गोरक्षकर माझ्या केबिनमध्ये आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आत नजर टाकली, मग पावलं मोजत खिडकीपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"किती आहे हो ही?"

"सव्वीस बाय अठरा."

"साठ खुर्च्या आरामात बसतील," त्या म्हणाल्या. "सर शनिवारी निवृत्त होताहेत. त्यांच्या नावाचं सभागृह करायचं वर्षभर चाललंय, पण जागाच नव्हती. बघा, कामं कशी जुळून येतात."

"मॅडम, ही माझी जागा आहे."

"कॉलेजची आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं टेबल कोपऱ्यात राहू दे की. आणि मानपत्र तुम्हीच लिहायचं. सरांना तुमच्याइतकं जवळून कोण ओळखतं?"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. डॉ. श. गो. निमकर सभागृह. अक्षरं पितळेची होती आणि अंतरं चुकीची होती. सुताराने माझ्या टेबलाशेजारी फळ्या ठोकून व्यासपीठ उभं केलं. भिंतींवर माझे एकशे बारा कागद चौकटींत बसवून टांगले. प्रत्येक चौकटीखाली सरांचं नाव होतं.

मी रबर घेऊन बसले. सरांची खोली पूर्ववत केली तर सभागृह नाहीसं होणार होतं. पण मग सर पुन्हा सहा फुटांचे होऊन, चोवीस फुटांच्या खोलीत, त्याच खुर्चीत बसणार होते. मी रबर खिशात टाकलं. शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी सरांच्या खोलीचा आराखडाच फाडून टाकला, म्हणजे मला पुन्हा मोह व्हायला नको.

समारंभ अकराला होता. साठ खुर्च्या भरल्या आणि मागे वीसेक माणसं उभी राहिली. जुने विद्यार्थी होते, त्यांतले काही आता इतरत्र प्रमुख झालेले. सिदूमामा सरांची खोली दोन्ही हातांवर तोलत आला. पाटावर गणपती आणावा तसा पाय जपून टाकत होता. टाळ्या झाल्या. त्याने ती व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवली आणि खिडकी लोकांकडे येईल अशी फिरवली. प्राचार्यांनी शाल पांघरवली, पण ती खोलीपेक्षा फार मोठी होती, म्हणून दुहेरी घडी करून छपरावर ठेवली. श्रीफळ शेजारी ठेवलं तेव्हा आत कोणीतरी हलल्यासारखं वाटलं. आत एकच माणूस होता.

सूत्रसंचालकाने खिडकीला माईक लावला.

"मी फार काही केलं नाही," सर म्हणाले. आवाज आता पूर्वीसारखाच भरदार येत होता. "मी फक्त दगडांचं ऐकलं. वाघजाळीला वैशाखात पायऱ्या मोजत होतो. सतराव्या पायरीवर मला विंचू चावला. तिथली एक गुरवीण होती, तिने कांदा ठेचून लावला आणि मला म्हणाली, लेकरा, आता घरी जा. मी गेलो नाही. पाय सुजलेला, तशातच मी अठरावी पायरी मोजली."

विंचू मला चावला होता. डाव्या पायाला. अनसूयाबाई 'लेकी' म्हणाली होती. त्या दिवशी सर दिल्लीत व्याख्यान देत होते आणि ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, परतल्यावर, चहा पिताना, कारण त्यांनी विचारलं होतं की लंगडता का.

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. मग लोक उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या.

"आता मानपत्राचं वाचन," सूत्रसंचालक म्हणाला. "प्राध्यापक कुंभोजे मॅडम."

मी व्यासपीठावर मानपत्र घेऊन उभी राहिले. टाळ्या थांबत नव्हत्या. मी मानपत्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती, कागद चांगला जाड होता. मी खिशातून पेन्सिल काढली आणि सभागृहाचा आराखडा काढला. चार भिंती, दोन खिडक्या, एक दार. हात अजून स्थिर आहे माझा. लांबी वीस फूट लिहिली.

मागे उभ्या असलेल्यांना भिंतीने हलकेच पुढे ढकललं. त्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. कोणी टाळ्या थांबवल्या नाहीत.

"मॅडम, वाचा ना," गोरक्षकर मॅडम कानाशी म्हणाल्या.

"वाचते. आकडे राहिलेत."

ही जागा कुठे जाईल हे मला माहीत नव्हतं. सरांच्या खोलीचा आराखडा मी फाडला होता, तिकडे जायला तिला आता वाट नव्हती. माझीही दुसरी केबिन नव्हती. मी चौदा लिहिलं. भिंतीवरच्या चौकटी एकमेकींवर चढल्या आणि काचा कडकडल्या. मी रुंदी नऊ केली. खिडकी आत सरकून माझ्या पाठीला टेकली. तिचं लोखंड उन्हाने तापलेलं होतं. शालीखालून सर म्हणत होते, "दगड आहे, आकसतो," आणि माईक ते सगळ्यांना ऐकवत होता.

"बरोबर आहे सर," मी म्हणाले आणि लांबी सात लिहिली.

पहिल्या रांगेचे गुडघे व्यासपीठाला टेकले. माझ्या कोपराला पेन्सिल फिरवण्यापुरतीच जागा उरली होती, ती पुरेशी होती. समोर ऐंशी माणसं छातीला छाती लावून उभी होती. आपले दोन्ही हात जवळ आणायला आता कोणालाच जागा नव्हती, म्हणून ती हाताशी येईल त्याचा तळवा धरून, दुसऱ्याच्या हातावर टाळ्या वाजवत होती.